डोंगरमाथ्यावरचे चार संपर्क



"दर शनिवारी वायरी घेऊन डोंगरावर काय करतोस रे?" हा प्रश्न मला आईने विचारलाय, बायकोने विचारलाय, ऑफिसातल्या लोकांनी तर कितीदा. एकदा पावसात डोंगरावर भेटलेल्या एका मेंढपाळाने पण विचारला होता. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा प्रपंच. विषय छंदाचा दिसला तरी मला त्यातला इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. नियम कडक ठेवायचे की चार माणसं जास्त यावीत म्हणून ढिले करायचे, हा वाद मंडळाच्या गणेशोत्सवापासून एकांकिका स्पर्धेपर्यंत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. या छंदाने तो कसा सोडवला (किंवा नाही सोडवला) ते पाहण्यासारखं आहे.

छंदाचं नाव 'समिट्स ऑन द एअर', थोडक्यात सोटा. हौशी रेडिओवाल्याने, म्हणजे हॅमने, छोटा रेडिओ पाठीवर टाकून डोंगर चढायचा, माथ्यावर अँटेना उभारायची आणि इतर हॅम्सशी बोलायचं. त्या डोंगराच्या उंचीप्रमाणे १, २, ४, ६, ८ किंवा १० गुण मिळतात. चढणारा तो ॲक्टिव्हेटर, आणि घरी बसून त्याला पकडणारा तो चेसर. गुण दोघांनाही. सुरुवात २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये झाली. मूळ कल्पना जॉन लिनफर्ड या इंग्लिश हॅमची. आज शंभरावर असोसिएशन्स झाल्या आहेत आणि अमेरिकेपासून जपानपर्यंत लोक हेच वेड करतात.

आता थोडं मागे जातो.

हौशी रेडिओ हा पहिल्यापासून परवान्याचा आणि परीक्षेचा प्रांत. लहरी सगळ्यांच्या, त्यामुळे कोणीही उठावं आणि ट्रान्समीटर लावावा असं चालत नाही. अनेक दशकं शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर यायचं तर मोर्स यायलाच हवं असा आंतरराष्ट्रीय नियम होता. ब्रिटनमध्ये त्याचा वेग होता मिनिटाला १२ शब्द. १९६४ पासून इथे मोर्सशिवाय 'बी' वर्गाचं लायसन्स मिळू लागलं, पण फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीवर. म्हणजे घरात यायला परवानगी, पण ओसरीपर्यंतच.

आमच्या गावातले डॉक्टरकाका (मूळचे नाशिकचे, सत्तरच्या दशकात इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरीला आले ते इथलेच झाले) त्या १२ शब्दांच्या परीक्षेतून गेलेले. नाइट ड्यूटी संपवून घरी आलं की टेपरेकॉर्डरवर डा-डिट-डा-डिट ऐकत झोपायचे म्हणे. काकू अजून सांगतात, "हे झोपेत पांघरुणावर बोटं आपटायचे." पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास.

मी आलो तो अगदी वेगळ्या दारातून. २००२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फाउंडेशन लायसन्स निघालं. एका वीकएंडचा अभ्यास, छोटी परीक्षा, आणि १० वॅटपर्यंत परवानगी. मोर्स होतं, पण नुसतं तोंडओळखीपुरतं, समोर तक्ता ठेवून. पुढे २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती गेली आणि त्याच वर्षी ब्रिटननेही ती काढली. अमेरिकेत ती पूर्णपणे जायला फेब्रुवारी २००७ उजाडलं. मी आनंदाने ही बातमी काकांना सांगायला गेलो. ते चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. पण मला उगाच वाटतंय की मी ज्या जिन्याने चढलो तो कोणीतरी पाडला."

हे वाक्य मी विसरलो नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्या जिन्याचीच आहे.

* * *

सोटाचा जन्म नेमका त्याच महिन्यांतला, फाउंडेशन लायसन्सनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. त्याआधी हॅम लोक डोंगरावर जात नसत असं नाही. उंचीवरून वरच्या फ्रिक्वेन्सीचे संदेश लांब जातात, त्यामुळे फील्ड डेच्या स्पर्धांना मोठमोठी पथकं टेकड्यांवर तंबू ठोकत. पण ते प्रकरण लग्नाच्या वऱ्हाडासारखं. लँडरोव्हर, जनरेटर, लोखंडी मास्ट, जेवणाची सोय. एकट्यादुकट्याचं काम नाही.

सोटाने नेमकं उलट केलं. नियम थोडेच, पण पक्के. सगळं सामान स्वतः वाहून न्यायचं. शेवटची चढाई बिनमोटारीची हवी. गाडीतून किंवा गाडीजवळून बोललेलं चालणार नाही. तेलावरचा जनरेटर बंद, बॅटरी किंवा सौर पॅनल चालेल. रिपीटरमार्फत झालेले संपर्क धरायचे नाहीत. एका डोंगराचे गुण वर्षातून एकदाच. आणि गुण हवे असतील तर किमान चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलणं झालं पाहिजे.

हे वाचताना कडक वाटतं. पण दुसऱ्या बाजूने पाहा. चार! चारशे नाही. पाच वॅटचा हातात मावणारा व्हीएचएफ सेट आणि फाउंडेशन लायसन्स एवढ्या भांडवलावर नवखा माणूस पहिल्याच दिवशी गुण मिळवू शकतो. माझा पहिला डोंगर 'द क्लाउड', चेशर आणि स्टॅफर्डशरच्या सीमेवरचा, ३४३ मीटर, एक गुण. अर्ध्या तासात वर पोचलो. समोर सपाटीवर जॉड्रल बँकची ती ७६ मीटर व्यासाची प्रचंड रेडिओ दुर्बीण दिसत होती (१९५७ सालची, अजून काम करते), आणि मी हातातल्या चिमुकल्या सेटवर "सीक्यू सीक्यू" करत होतो. दहा मिनिटांत चार संपर्क झाले. चौथे डॉक्टरकाका. संपर्क इंग्रजीत झाला, पण शेवटी "सावकाश उतर रे, दगड ओले असतील" हे मराठीतच आलं.

* * *

आता पहिला वाद. डोंगर कशाला म्हणायचं?

ब्रिटिशांना डोंगरांच्या याद्या करण्याचं व्यसन आहे. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. त्यात 'स्वतंत्र डोंगर' कुठला आणि नुसतं 'टोक' कुठलं याची पक्की व्याख्या त्यांनी दिलीच नाही. तेव्हापासून लोक भांडताहेत. यादी अजून बदलते. २०१२ साली एक डोंगर नव्याने मोजल्यावर अर्ध्या मीटरपेक्षाही कमी फरकाने ३००० फुटांच्या खाली गेला आणि यादीतून गळला. आता २८२ उरलेत. स्वतः मन्रो १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांची यादी पूर्ण चढून झाली नव्हती.

१९९२ मध्ये ॲलन डॉसन यांनी वेगळी कसोटी लावली. समुद्रसपाटीपासूनची उंची बाजूला ठेवा, डोंगर आजूबाजूच्या भूभागातून किती उठून दिसतो ते पाहा. शेजारच्या उंच डोंगराकडे जाताना सर्वात खालची जी खिंड लागते, तिच्यापासून माथा किमान १५० मीटर वर हवा. अशा डोंगरांना त्यांनी गमतीने 'मॅरिलिन' म्हटलं (मन्रोला जोडी म्हणून मॅरिलिन, कळलं असेलच). संपूर्ण ब्रिटनमध्ये ते दीड हजारांवर भरतात.

आपल्याला हे पटकन कळावं, कारण आपण खिंडीची माणसं. पुरंदर आणि वज्रगड आठवा. मध्ये भैरवखिंड. डोंगर एक की दोन? १६६५ च्या वेढ्यात दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. त्याच्या दृष्टीने ते पक्के दोन होते. डॉसनसाहेब मात्र शांतपणे खिंडीची खोली विचारतील आणि त्यावरून निकाल देतील.

सोटाने ही १५० मीटरची कसोटी उचलली. त्यातून विचित्र निकाल लागले. इंग्लंडमधला दुसरा सर्वात उंच डोंगर स्काफेल, ९६४ मीटर. पण शेजारच्या स्काफेल पाइकपासून (९७८ मीटर, पूर्ण १० गुण) त्याला तोडणारी मिकलडोरची खिंड पुरेशी खोल नाही. १३० मीटरच्या आसपास भरते. म्हणून स्काफेल यादीत नाही! उलट बिलिंज हिल नावाची १७९ मीटरची टेकडी, जिच्यावर लोक संध्याकाळी कुत्रा फिरवायला जातात, ती रीतसर यादीत, एका गुणाची धनी. लोक चिडले नसते तरच नवल.

व्यवस्थापकांनी या रेषेला हात लावला नाही. सपाट प्रदेशांसाठी १०० मीटरची सूट ठेवली, पण 'हा डोंगर आमच्या लाडका आहे' म्हणून अपवाद केला नाही. आधी ढिल्या मापाने भरलेल्या काही याद्याही पुढे चाळल्या गेल्या आणि लोकांनी चढलेली शिखरं त्यातून गळली. कल्पना करा, तुम्ही हिवाळ्यात तंगडतोड करून केलेलं शिखर, आणि पुढच्या वर्षी ते शिखरच नाही म्हणे.

पण नाराज लोकांनी काय केलं हे मला फार आवडतं. त्यांनी मूळ यादी फोडण्यात शक्ती घालवली नाही, आपापल्या नव्या याद्या काढल्या. १०० मीटरवाल्या पण मॅरिलिन नसलेल्या टेकड्यांसाठी 'हेमा' निघालं (खरंच, लघुरूपाचा उच्चार हेमाच होतो). वेनराइटने आपल्या पुस्तकांत वर्णन केलेल्या लेक डिस्ट्रिक्टच्या २१४ डोंगरांसाठी 'वोटा' निघालं, आणि त्यात स्काफेल मानाने आहे. पुढे ज्यांना डोंगरच नको त्यांच्यासाठी 'पार्क्स ऑन द एअर' फोफावलं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या २०१६ च्या शताब्दीत. तिथे गाडीतून बोललेलं चालतं, पण चारऐवजी दहा संपर्क लागतात. एकीकडे सैल केलं तर दुसरीकडे थोडं आवळलं.

* * *

दुसरा वाद, खरं म्हणजे माझाच माझ्याशी झालेला.

एका जानेवारीत मी आणि माझा एक हॅम मित्र मध्य वेल्समधल्या एका आडबाजूच्या डोंगरावर गेलो. गुडघाभर बर्फ. आजूबाजूला वस्ती नाही, व्हीएचएफवर कोणी नाही. तासाभरात तीन संपर्क झाले, त्यातला एक डॉक्टरकाकांचा. चौथा काही केल्या मिळेना. थंडीने बॅटरी मान टाकत होती. इथली गंमत (की अन्याय?) अशी की चेसरला एका संपर्काचे पूर्ण गुण मिळतात. म्हणजे खुर्चीत चहा पीत बसलेल्या काकांना गुण मिळाले, आणि नाक गोठवून उभा असलेल्या मला शून्य.

लॉग आपणच भरायचा असतो. समोरच्याच्या लॉगशी जुळवून खातरजमा केल्यावरच गुण, असा काही प्रकार नाही. सगळा विश्वासाचा मामला. एखादा कॉलसाइन जास्त टाकला असता तर कोणाला कळलं असतं? विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही.

मग मित्राला युक्ती सुचली. माथ्यापासून उभ्या उंचीत २५ मीटरपर्यंतचा भाग म्हणजे 'ॲक्टिव्हेशन झोन'. त्या झोनमध्ये शेजारी उभ्या असलेल्याशी बोललेलं धरत नाहीत. पण तो झोनबाहेर गेला तर? गडी बर्फातून तीस मीटर खाली उतरला आणि तिथून त्याने मला हाक मारली. हाक नुसत्या कानांनीही ऐकू येत होती, रेडिओ निमित्तमात्र. चौथा संपर्क झाला.

रात्री काकांना फोन करून विचारलं, हे बरोबर का? ते म्हणाले, "नियमात बसतं ना? मग घे की गुण. लपवलं नाहीस, खोटं लिहिलं नाहीस." मग थोडं थांबून, "पण तू परत जाशील तिथे."

गेलो. पुढच्याच हिवाळ्यात, सात मेगाहर्ट्झची लांब वायर, मासेमारीचा घडीचा फायबरचा दांडा आणि नवी बॅटरी घेऊन. चाळीस मिनिटांत एकतीस संपर्क झाले, निम्मे युरोपातले. पहिल्या वेळचे गुण मी काढून टाकले नाहीत. पण त्या डोंगराची आठवण विचारली तर मी दुसऱ्याच वेळेची सांगतो.

यातून मला एक उमगलं. नियम जिथे मोजता येतो तिथे (चार, २५ मीटर, १५० मीटर) तो काटेकोर ठेवलाय. जिथे मोजता येत नाही तिथे माणसावर सोडलंय. तपासनीस ठेवले असते, पुराव्याला फोटो आणि शिक्के मागितले असते, तर निम्मे लोक आलेच नसते. आणि ही एकमेकांविरुद्धची स्पर्धाही नव्हे. हजार गुण झाले की ॲक्टिव्हेटर 'माउंटन गोट' होतो आणि चेसर 'शॅक स्लॉथ'. कोणी तीन वर्षांत होतो, कोणी वीस. खोटं बोलून हरवायला समोर कोणी नसतं, आपणच असतो.

* * *

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. ज्याला चढताच येत नाही त्याचं काय?

डॉक्टरकाका स्वतः चांगले चढणारे होते. साठीनंतर सुरू करून त्यांनी नऊशेच्या वर गुण केले. हजाराला अगदी थोडे कमी असताना गुडघे गेले. एक ऑपरेशन झालं, दुसरं हृदयामुळे करता येईना. आमच्यातल्या काहींना फार वाईट वाटलं. आम्ही आपसात बोलायचो की वयस्कर आणि अपंग लोकांना गाडीतून बोलण्याची सवलत का नसावी? माणुसकी म्हणून? मी तर पत्राचा मसुदासुद्धा तयार केला आणि उत्साहाने काकांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. म्हणाले, "इंग्लिश चांगलं आहे. पाठवू नकोस."

"का पण?"

"अरे, माझे नऊशे गुण मी पायांनी मिळवलेत. उरलेले तू मला सहानुभूतीने देणार, मग त्या काचेच्या ट्रॉफीकडे मी कुठल्या तोंडाने बघू? आणि मला बाहेर कोणी काढलंय? रोज सकाळी रेडिओ लावतो, डोंगरावर कोणीतरी गारठलेला पोरगा चौथा संपर्क शोधत असतो. तो चौथा मी असतो."

मी गप्प बसलो. मोर्सच्या जिन्याबद्दल हळहळणारा हाच माणूस. त्या वेळी मला ते जुन्या माणसाचं कुरकुरणं वाटलं होतं. त्यांना दार बंद ठेवायचं नव्हतं, आपण चढलेल्या पायऱ्यांना पायऱ्या म्हणावं एवढंच हवं होतं.

पण गोष्ट तिथेच संपली नाही. नियम कडक असले तरी बारकाईने वाचले की त्यात वाटा असतात. वेल्सच्या किनाऱ्यावर लँडडनोला ग्रेट ऑर्म नावाचा डोंगर आहे. २०७ मीटर, एक गुण. वर रस्ता जातो, आणि १९०२ मध्ये सुरू झालेली ट्रामही जाते. ट्रामने माथ्यावर जाऊन लगेच रेडिओ लावला तर ते मोटारीने केलेलं ॲक्टिव्हेशन, चालणार नाही. पण ट्रामने वर जाऊन, झोनच्या बाहेर पायी खाली उतरून, पुन्हा पायी वर आलं तर शेवटची चढाई स्वतःची ठरते. रीतसर.

एका मे महिन्यात आम्ही काकांना घेऊन गेलो. २५ मीटर म्हणजे आठनऊ मजले. तुम्हाआम्हाला दहा मिनिटं. त्यांना उतरायला आणि चढायला मिळून दीड तास लागला. दर वीस पावलांवर थांबायचे, समुद्राकडे बघायचे, आणि आम्हाला उगाच पक्ष्यांची नावं विचारायचे. सेट त्यांनी स्वतःच्याच पिशवीत घेतला होता, आम्हाला हात लावू दिला नाही. "सामान स्वतः वाहायचं, वाचलंयस ना?"

वर बसल्यावर त्यांनी मोर्सची किल्ली काढली. पहिल्या हाकेलाच गर्दी उसळली. ज्यांचा चौथा संपर्क ते वर्षानुवर्षं झाले होते ते सगळे त्या दिवशी घरी बसून वाट पाहत होते. मला मोर्स नीट येत नाही, म्हणून मी नुसती लॉगबुकात बघत होतो. चारानंतर त्यांनी पेन ठेवलं नाही, बावीसपर्यंत लिहीत गेले.

गुण एक. हजार त्यांचे झाले नाहीत, आता होणारही नाहीत. चेसर म्हणून मात्र हजार कधीच ओलांडलेत, आणि ते प्रमाणपत्र त्यांनी स्वयंपाकघरात लावलंय. काकू पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे सरकारमान्य आळशी माणूस आहे."

असो. लांबलं. पत्राचा तो मसुदा मी ठेवून दिलाय. येत्या शनिवारी हवा बरी असेल तर द क्लाउडवर जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर कळवा. लायसन्स लागत नाही, पाणी आणि डबा मात्र आपापला वाहायचा.

चूभूद्याघ्या.